वंशावळ कोणी मागितली होती? कुलवृत्तांत साधन म्हणून वापरण्याआधी

संशोधन आराखड्यांच्या चर्चेत एक विषय दर वर्षी येतोच: अमुक घराण्याचा इतिहास. सातारा-सांगलीकडच्या मुलामुलींकडून तर हमखास. साहजिक आहे. या पट्ट्यात वाडे भरपूर, वाड्यांत दप्तरं भरपूर, आणि 'आम्ही मूळचे इथले नाही, सात-आठ पिढ्यांमागे आलो' असं सांगणारं एखादं तरी घर प्रत्येक आळीत. मग मार्गदर्शक विचारतात, साधनं काय? उत्तर तयार असतं: 'कुलवृत्तांत आहे ना छापलेला!' त्या उत्तरावर बहुतेक जण समाधानी होतात. मी या पोस्टमध्ये त्याच उत्तराची झडती घेणार आहे.

ज्यांनी कुलवृत्तांत अजून हातात घेतला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सुरुवातीला मूळ गाव, गोत्र, प्रवर, कुलदैवत. मग मूळ पुरुष. मग शाखा, शाखांतली घराणी, घराण्यांतल्या पिढ्या. प्रत्येक पुरुषाला एक क्रमांक. शेवटी घडीचे वंशवृक्ष, जे उलगडले की वाचनालयाच्या टेबलावर मावत नाहीत आणि शेजारी बसलेला माणूस वैतागतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोकणस्थ घराण्यांनी असे ग्रंथ मोठ्या संख्येने काढले, पुढे इतरांनीही. माहिती गोळा करण्याची पद्धत साधारण एकच: छापील प्रश्नपत्रकं पोस्टाने पाठवायची, उत्तरं आली नाहीत की गावोगाव जायचं, वडीलधाऱ्यांना बोलतं करायचं. निवृत्त मास्तर, कारकून, वकील अशा माणसांनी पदरमोड करून वर्षानुवर्षं हे केलं. त्या कष्टांबद्दल वेडंवाकडं लिहिण्याचा माझा हेतू नाही. पण कष्ट हा साधनाच्या विश्वासार्हतेचा पुरावा नसतो.

माझं म्हणणं असं आहे: वंशावळ निव्वळ आठवण म्हणून फार क्वचित लिहिली जाते. कोणीतरी ती मागितलेली असते. सरकारने, न्यायसभेने, तीर्थोपाध्यायांनी, भाऊबंदांनी किंवा स्वतःच्या ज्ञातीने. मागणारा कोण आणि कशासाठी मागतोय, त्यावर तिच्यात कोण येणार आणि कोण गळणार हे ठरतं. छापील कुलवृत्तांतात या निरनिराळ्या मागण्यांसाठी लिहिलेली कागदपत्रं एका ओळीत बसवलेली असतात, आणि जोड दिसत नाहीत. ते जोड शोधणं हे आपलं काम.

उदाहरण पटवर्धनांचं घेऊ. सांगली, मिरज, तासगाव, कुरुंदवाड, जमखंडी एवढा मुलूख एका घराण्याच्या फांद्यांत वाटला गेला होता, आणि हे घराणं मुळात घाटावरचं नाही. हरभट पटवर्धन रत्नागिरीजवळच्या कोतवड्याचे. गणपतीचे उपासक. घाट चढून ते इचलकरंजीच्या नारो महादेवांकडे उपाध्ये झाले. हरभटांना सात मुलगे. त्यांपैकी गोविंद हरी, रामचंद्र हरी आणि त्र्यंबक हरी पेशव्यांच्या नोकरीत शिरले, लढायांत नाव मिळवलं, आणि १७६४ साली माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत घराण्याला मिरजेच्या किल्ल्यासह मोठा सरंजाम मिळाला. पुढच्या सगळ्या शाखा या तिघांपासून मोजतात. ढोबळ मानाने गोविंद हरींच्या बाजूला मिरज आणि सांगली, रामचंद्र हरींच्या बाजूला परशुरामभाऊ आणि तासगाव, त्र्यंबक हरींच्या बाजूला कुरुंदवाड.

आता हीच हकिगत पुन्हा सावकाश वाचा. सात मुलगे, आणि नावं तीन. गॅझेटिअरपासून संस्थानांच्या स्मरणिकांपर्यंत बहुतेक ठिकाणी उरलेले चार भाऊ 'सात' या आकड्यापुरतेच आहेत. ते काही अल्पायुषी ठरले किंवा नालायक निघाले म्हणून गळले असं समजायचं कारण नाही. सरंजाम तिघांच्या फांद्यांकडे गेला म्हणून फांद्या तीन. झाड इथे वंशाचं काढलेलं दिसतं, पण खरं तर ते सरंजामाच्या वाटपाचं झाड आहे. ज्याला हिस्सा नाही त्याला फांदी नाही. घराण्याचा 'विस्तार' मोजायला निघालेल्या विद्यार्थ्याने हे ओळखलं नाही, तर त्याच्या तक्त्यात पहिल्याच पिढीत निम्म्याहून अधिक माणसं हरवतील आणि त्याला ते कळणारही नाही.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. कोकणातून आलेल्या एका उपाध्यांची मुलं पेशव्यांच्या फौजेत सरदार कशी झाली? वंशवृक्षात याचं उत्तर नाही, आणि असूही शकत नाही. उत्तर दुसऱ्याच घरात आहे. बाळाजी विश्वनाथांची मुलगी, पहिल्या बाजीरावांची बहीण अनुबाई, हिचं लग्न नारो महादेवांच्या मुलाशी, व्यंकटरावांशी झालं. यजमानांच्या घरात पेशव्यांची लेक सून म्हणून आली आणि उपाध्यांच्या मुलांसाठी पुण्याची वाट खुली झाली. व्यंकटरावांच्या पश्चात इचलकरंजीचा कारभार अनुबाईंनी कित्येक वर्षं स्वतः पाहिला. पटवर्धनांच्या उत्कर्षातली ही कळीची व्यक्ती पटवर्धनांच्या वंशावळीत कुठल्याच क्रमांकावर नाही, कारण ती जन्माने भट आणि लग्नाने घोरपडे. वंशावळ बाप आणि मुलगा यांना जोडणारी रेघ काढते. आश्रयदाता, सासर, आजोळ, सावकार, गुरू यांच्यासाठी तिच्याकडे रेघच नाही. आणि एखादं घर एका मुलखातून दुसऱ्या मुलखात जाऊन रुजतं ते बहुधा याच नात्यांच्या आधाराने. स्थलांतराचा अभ्यास करायचा आणि साधन म्हणून फक्त वंशावळ घ्यायची, म्हणजे विहिरीची खोली दोरीशिवाय मोजण्यासारखं आहे.

याच घोरपडे नावावर जरा थांबू. इचलकरंजीचे घोरपडे हे मूळचे जोशी. संताजी घोरपड्यांच्या पदरी राहून नारो महादेवांनी धन्याचं आडनाव घेतलं. वाईचे रास्ते मूळचे गोखले. म्हणजे 'घोरपडे' शोधत गेलात तर मुधोळ-कापशीच्या मराठा घोरपड्यांत जाऊन पोचाल आणि 'जोशी' शोधत गेलात तर साऱ्या महाराष्ट्रात. आडनाव हे कुळाचं नाव आहे असं धरून डिजिटल शोध घेणाऱ्यांनी, म्हणजे आपण सगळ्यांनीच, एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

पटवर्धनांच्या बाबतीत आपलं नशीब मात्र चांगलं आहे, कारण मिरजेत वासुदेवशास्त्री खरे होते. १८५८ ते १९२४ असं त्यांचं आयुष्य, आणि पेशा शाळामास्तरचा. पटवर्धनी दप्तरांतली पत्रं वाचून, निवडून, नक्कल करून त्यांनी 'ऐतिहासिक लेखसंग्रह' काढला. 'हरिवंशाची बखर' आणि इचलकरंजी संस्थानचा इतिहासही त्यांचाच. बखरीच्या नावातच हरभटांच्या वंशाला पुराणाचं वजन दिलेलं आहे, हे जाता जाता बघा. मला खऱ्यांचं मोल वाटतं ते पत्रांमुळे. बखर घराण्याला एकसंध गोष्ट देते. पत्रं ती गोष्ट विस्कटतात: पैशाची ओढ, फौजेचा पगार थकलेला, काका-पुतण्यांच्या तक्रारी, आजारपणं, मुंजी-लग्नांचे मुहूर्त. चिंतामणराव आप्पासाहेब आणि त्यांचे चुलते गंगाधरराव यांचं बिनसलं आणि १८०० च्या आसपास सांगली मिरजेपासून वेगळी झाली. वंशवृक्षात ही घटना म्हणजे दोन रेघांमधलं थोडं वाढलेलं अंतर. कागदांत ती भांडण म्हणून दिसते. आराखड्यात वेळ कमी असेल तर माझा सल्ला असा की वंशवृक्ष नकाशासारखा जवळ ठेवा आणि चालायचं ते पत्रांतून.

आता 'कोणी मागितली' या प्रश्नाकडे. एकोणिसाव्या शतकात सगळ्यात मोठा मागणारा म्हणजे कंपनी सरकार. १८४३ मध्ये दक्षिण महाराष्ट्रात इनामांची चौकशी सुरू झाली आणि १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला पक्का आधार मिळाला. इनामदाराने दाखवायचं होतं की इनाम मूळ कोणाला मिळालं, कोणत्या सनदेने, आणि आजचा धारक त्या माणसाचा कोण लागतो. घरोघरी कैफियती लिहिल्या गेल्या, त्यांच्यासोबत वंशावळी जोडल्या गेल्या. आज पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराच्या आसपास आपण जे चाळतो त्यातला बराच ऐवज या चौकशीच्या निमित्ताने जमलेला आणि लावलेला आहे. अशा वंशावळीत काय असणार याचा अंदाज बांधा. मूळ इनामदारापासून अर्जदारापर्यंतची सलग रेघ असणार. ती रेघ कुठे तुटत नाही हे दाखवण्याची धडपड असणार. हक्कात वाटेकरी होऊ शकेल असा चुलतभाऊ नेमका विसरला जाण्याची शक्यता असणार. मुली बहुधा नसणारच, कारण कारकुनाने त्या विचारल्या नव्हत्या.

ही धडपड किती जिवावरची होती ते १८४८ मध्ये दिसतं. त्या एप्रिलमध्ये साताऱ्याचे छत्रपती शहाजी ऊर्फ अप्पासाहेब वारले. मरणाआधी त्यांनी दत्तक घेतला होता. त्यांचे थोरले भाऊ प्रतापसिंह यांना १८३९ मध्ये पदच्युत करून काशीला धाडलं होतं, ते आदल्याच वर्षी तिथे वारले. त्यांनीही दत्तक घेतला होता. धर्मशास्त्राने दत्तक मुलगा पिंडाचा अधिकारी, म्हणजे वंश चालू. डलहौसीच्या हिशेबात वरिष्ठ सत्तेची संमती नाही, म्हणजे वंश खंडित, राज्य खालसा. प्रतापसिंहांच्या बाजूने रंगो बापूजी लंडनमध्ये ठाण मांडून होते. ते १८५३ पर्यंत तिथे झगडत राहिले. त्याच १८४८ मध्ये तासगावची पटवर्धनांची जहागीरही वारस नाही म्हणून गेली.

याच्या शेजारी सांगली ठेवून बघा. १९०१ मध्ये धुंडिराजराव तात्यासाहेब मुलगा नसताना वारले. १९०३ मध्ये दत्तक वारस गादीवर आले, ते चिंतामणराव आप्पासाहेब, दुसरे. संस्थान राहिलं, १९४८ पर्यंत चाललं. एकच घराणं, एकच नदीकाठ, पोटी मुलगा नाही ही अडचणही एकच. मधल्या काळात १८५७ होऊन गेलं होतं आणि कॅनिंगच्या वेळी संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा मिळाल्या होत्या. म्हणजे तासगावच्या शाखेचा वंश 'बुडाला' आणि सांगलीचा 'चालला' हा फरक जीवशास्त्राचा नाही, सरकारी धोरणाचा आहे. वंशवृक्षात मात्र तो निसर्गाची करणी असल्यासारखा छापला जातो. एक फांदी वाळलेली, दुसरी हिरवी.

दत्तकाने आकडेमोडीतही घोळ होतो, आणि तो तांत्रिक असल्याने कोणी सांगत नाही. दत्तक गेलेला मुलगा जन्मशाखेत एकदा येतो आणि दत्तकशाखेत पुन्हा. कधी नाव बदलून. सांगलीच्या दुसऱ्या चिंतामणरावांचं नावच बघा, ते जुन्या पिढीतलं उचलून गादीबरोबर दिलेलं. तुम्ही जर एखाद्या घराण्याची लोकसंख्या, आयुर्मान, शिक्षण असं काही मोजत असाल, तर एकच माणूस दोनदा मोजला जाईल. आजा-नातवाचं नाव एकच ठेवण्याच्या रीतीने उलटा घोळ होतो: दोन माणसं एक होतात आणि मधली पिढी गायब होते. हरीचा रामचंद्र, रामचंद्राचा हरी, हरीचा रामचंद्र असं चालू असलं की नक्कलकाराची नजर एका हरीवरून थेट दुसऱ्या हरीवर घसरते.

मग पिढ्या मोजून तपासावं का? पुस्तकांत सांगतात की पिढीला पंचवीस-तीस वर्षं धरा. धरा, पण लांब रेघेवर. एखाद-दोन पिढ्यांवर हा नियम लावाल तर सांगलीच तोंडावर पाडेल. पहिले चिंतामणराव लहान असताना, १७८३ च्या सुमारास त्यांच्या नावे सरंजाम झाला. ते १८५१ मध्ये वारले. त्यांचा मुलगा धुंडिराजराव १९०१ पर्यंत होता. बापलेकांच्या दोन कारकिर्दींत जवळपास एकशेअठरा वर्षं! सरासरी घेऊन बसलेल्या संशोधकाने इथे दोन 'हरवलेल्या' पिढ्या शोधायला सुरुवात केली असती.

छापील कुलवृत्तांताकडे परत येतो, कारण त्याच्यावर अन्याय होऊ नये. इनाम कमिशनच्या वंशावळीत नसलेली एक गोष्ट विसाव्या शतकातल्या कुलवृत्तांतात असते: बायका. पत्नीचं सासरचं आणि माहेरचं नाव, तिच्या वडिलांचं नाव आणि गाव, मुली कुठे दिल्या ते. शिवाय शिक्षण, नोकरी, कुठून कुठे गेले, हेही. मॉरीन पॅटरसन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी याच ग्रंथांतून चित्पावनांच्या व्यवसायांत कसा बदल होत गेला याचा अभ्यास केला, आणि १९७० साली तो छापून आला. घराण्याने अभिमानासाठी छापलेलं पुस्तक समाजशास्त्राचं साधन कसं बनवावं याचा तो नमुना आहे. जरूर वाचा.

फक्त कुलवृत्तांतातल्या दोन शब्दांपाशी सावध राहा. पहिला शब्द 'निर्वंश'. याचा अर्थ त्या माणसाला मूल नव्हतं असा नाही, मुलगा नव्हता किंवा जगला नाही असा आहे. त्याच्या तीन मुली असतील, त्यांची नातवंडं आज कराडला दुकान चालवत असतील. वंश आहे, या पुस्तकात नाही. यावर उपाय आहे, आणि तो मला या साऱ्या खटाटोपातला सगळ्यात मजेचा भाग वाटतो: दोन कुलवृत्तांत शेजारी उघडून बसायचं. एका घराण्याच्या दिलेल्या मुली म्हणजे दुसऱ्या घराण्याच्या आलेल्या सुना. माहेरचं नाव, वडिलांचं नाव, गाव, लग्नाचं साल जुळवत गेलं की एका पुस्तकात संपलेली रेघ दुसऱ्यात सुरू झालेली सापडते. साल जुळत नसेल तर दोघांपैकी कोणीतरी आठवणीने लिहिलंय हेही कळतं. काम वेळखाऊ आहे, पण दोन पुस्तकांनी एकमेकांची साक्ष काढावी तशी ती निघते.

दुसरी गोष्ट म्हणजे 'माहिती मिळाली नाही'. हे वाक्य फार प्रामाणिक आहे आणि फार फसवं. प्रश्नपत्रकाला उत्तर कोण देतो? ज्याला लिहिता येतं, ज्याचा पत्ता ठाऊक आहे, ज्याला घराण्याच्या पुस्तकात आपलं नाव यावंसं वाटतं. गरिबीत गेलेला, ज्ञातीबाहेर लग्न केलेला, धर्म बदललेला, मुंबईच्या गिरणीत हरवलेला किंवा भाऊबंदकीने तोंड न बघणारा माणूस उत्तर देत नाही. तेव्हा कुलवृत्तांतातून 'या घराण्यातले इतके टक्के लोक शिकले' असं काढाल, तर ते उत्तर देणाऱ्यांचे टक्के असतील. आपण गूगल फॉर्म फिरवून शंभर उत्तरं गोळा करतो तेव्हा हीच गोष्ट होते. पण तिथे निदान परीक्षक विचारतात.

अभिलेख कुठे शोधायचे याबद्दल एक व्यवहारी गोष्ट. 'सांगली जिल्हा' नावाचं काही एकोणिसाव्या शतकात नव्हतं. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग आणि विलीन झालेली संस्थानं मिळून 'दक्षिण सातारा' जिल्हा झाला, १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. त्यामुळे वाळवा, खानापूर, तासगाव इथलं घराणं शोधत असाल तर ब्रिटिश अमलातले कागद सातारा जिल्हा म्हणून लावलेले असतील. मिरज-सांगली शोधत असाल तर ती संस्थानं, १८८५ च्या सातारा गॅझेटिअरमध्ये त्यांचा विषयच नाही, त्यांच्यासाठी कोल्हापूरचा खंड काढावा लागतो. जत, औंध, फलटण या साताऱ्याच्या जहागिरी, त्यांचा हिशेब आणखी वेगळा. चार पिढ्या एकाच गावात राहिलेलं घर तीन सरकारांच्या दप्तरांत विखुरलेलं सापडू शकतं.

आणि वंशावळ मागणं थांबलेलं नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. तेव्हापासून तहसील कचेऱ्यांत मोडी वाचणाऱ्यांना अचानक भाव आला, गाव नमुना १४ च्या जन्ममृत्यूच्या जुन्या वह्या बाहेर निघाल्या, आणि खेड्यापाड्यांत लोक पणजोबांच्या बापाचं नाव विचारत फिरू लागले. आरक्षणाच्या वादात मी इथे शिरत नाही. संशोधनाच्या दृष्टीने दोन गोष्टी नोंदवतो. एक, गॅझेटिअरमध्ये जातवार आकडे असतात, माणसांची नावं नसतात. आकड्यापासून अर्जदारापर्यंत पोचायला मधे नावाची नोंद आणि वंशावळ लागतेच. दोन, दाखल्यासाठी बापाकडचं नातं लागतं. म्हणून आज हजारो घरांत लिहिल्या जाणाऱ्या वंशावळी पुन्हा त्याच एका रेघेवर चालल्या आहेत. पन्नास वर्षांनी कोणी पीएचडीचा विद्यार्थी त्या वाचेल तेव्हा त्याला आजीच्या माहेरचा पत्ता त्यात मिळणार नाही, कारण कचेरीच्या नमुन्यात तो रकाना नव्हता.

आतापर्यंत बोललो ते ज्यांच्याकडे मागण्यासारखं काही होतं त्यांच्याबद्दल. सरंजाम, इनाम, वतन, दाखला. ज्या माणसाकडे यातलं काहीच नव्हतं, जो नुसताच एका गावातून उठून दुसऱ्या गावात आला, त्याचं काय? आपल्याकडे त्याला शब्द आहे: उपरी. गावात मिरासदार किंवा थळकरी म्हणजे ज्याची जमीन वंशपरंपरेने स्वतःची. उपरी म्हणजे बाहेरून येऊन कराराने कसणारा. उपरी चार पिढ्या त्याच गावात राहिला तरी उपरीच राही. त्याला वंशावळ कोणी मागितली नाही, म्हणून ती नाही. माझ्या मते सातारा-सांगलीत खरा न झालेला अभ्यास या माणसांचा आहे, आणि तो कुलवृत्तांतांतून होणार नाही.

मग कशातून? थळझाड्यातून. गावची जमीन थळांत वाटलेली असे, थळांना मूळ कुळांची नावं असत, आणि थळझाडा म्हणजे त्या थळांची यादी. त्यात एक विलक्षण शब्द भेटतो: गतकुळ. जे कुळ संपलं किंवा गाव सोडून गेलं त्याची जमीन. कुळ गेलं तरी थळाला नाव त्याचंच राही. दुष्काळात, स्वारीत, रोगराईत परागंदा झालेल्या घराचं नाव कसणारा बदलला तरी कागदावर टिके. पुढे ती गतकुळी जमीन पाटील आणि गाव मिळून एखाद्या उपऱ्याला मोबदला घेऊन मिरासपत्राने देत. त्या मिरासपत्रात तो पहिल्यांदा नावानिशी येतो, बापाच्या नावासह, कधी मूळ गावासह, आजूबाजूला साक्षीदार. हीच त्याच्या वंशावळीची पहिली ओळ. एल्फिन्स्टनच्या १८१९ च्या अहवालापासून इंग्रज अधिकाऱ्यांनी मिरासी आणि गतकुळावर बरंच लिहिलं. पुढे हिरोशी फुकाझावा, हिरोयुकी कोतानी या जपानी इतिहासकारांनी मराठी कागदांवरून गावगाडा उलगडला. म्हणजे रस्ता अगदीच अनोळखी नाही.

इथे अमेरिकेशी तुलना करण्यासारखी आहे, कारण वंशावळ शोधण्याचं शास्त्र जिथे घराघरांत पोचलं तो हा देश. तिथे एकोणिसाव्या शतकात पश्चिमेकडे सरकलेल्या वसाहतवाल्याचं घर शोधायला दोन कागद फार उपयोगी पडतात. एक जनगणना: १८४० पर्यंत तिच्यात फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, १८५० पासून घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं. गुलामांच्या यादीत मात्र नावाच्या जागी वय आणि वर्ण. दुसरा कागद १८६२ च्या होमस्टेड कायद्याचा: १६० एकर जमीन, पाच वर्षं राहून कसायची, मग दोन साक्षीदार आणून सिद्ध करायचं. त्या फायलीत घर केवढं, कुटुंब किती माणसांचं, पीक काय, सगळं सापडतं. सरकारने विचारलं म्हणून सापडतं. आपल्या मिरासपत्राचाच हा दूरचा भाऊबंद म्हणा. फरक एवढाच, आणि तो लहान नाही: होमस्टेडच्या फायलीत जमीन सरकारी, रिकामी म्हणून सुरू होते, तिच्यावर आधी वावरणाऱ्या मूळ निवासी लोकांचं नाव त्यात नसतं. आपल्या थळझाड्यात आधीच्या कुळाचं नाव पुसत नाहीत. अमेरिकन वंशशोधक फायलीवरून वसाहतवाल्याच्या मागे जातो. इथे आपल्याला एकाच पानावर गेलेला आणि आलेला दोघे मिळतात.

तेव्हा ज्यांचा विषय 'घराण्याचा इतिहास' असा ठरलाय त्यांनी मूळ गाव कुठलं या प्रश्नावर फार काळ घालवू नये. कोतवडे आपल्याला पहिल्याच पानावर मिळतं, कुलदैवताच्या नावासकट. आलेल्या घराला इथे जागा कोणी दिली, कोणाच्या जागेवर दिली, आणि बदल्यात काय घेतलं, हे विचारा. त्यासाठी मोडी शिकावी लागेल. तीनेक महिन्यांत वाचता येऊ लागतं, रोज एक पान काढलं तर. सुरुवात वंशावळींपासून करू नका. त्यांत नावंच नावं असतात आणि नावं अंदाजाने वाचायची सवय लागते. मिरासपत्रं आणि महजर घ्या. मायने ठरलेले असतात, एक लागला की पुढचे दहा लागतात.